गोजूऱ्यू : नाहा बंदरांतील एका कराटे-घराण्याची वंशावळ

टोकियो येथें १९३० सालीं मेइजी देवालयाच्या उत्सवांत जपानांतील जुन्या युद्धविद्यांचीं प्रात्यक्षिकें झालीं. या प्रसंगीं दूर दक्षिणेकडील ओकिनावा बेटांतून जिनान शिंझातो नांवाचा एक तरुण आपली विद्या दाखविण्यास आला होता. त्याच्या हातांत शस्त्र नव्हतें. मूठ, तळवा, कोपर आणि पाय हींच त्याचीं शस्त्रें. प्रात्यक्षिक उत्तम झालें. परंतु तें संपल्यावर कोणा एका जाणत्यानें त्यास सहज विचारलें कीं, ही विद्या कोणत्या घराण्याची? मुंजीच्या मांडवांत एखाद्या मुलाला गोत्र विचारावें आणि त्यानें आईच्या तोंडाकडे पाहावें, तशी शिंझातोची स्थिति झाली. जपानांत तलवारीचीं घराणीं होतीं, भाल्याचीं होतीं, धनुष्याचीं होतीं, आणि प्रत्येकाला नांव होतें. ओकिनावांत मात्र अशी चालच नव्हती. तेथें नाहा गांवांत शिकविला जातो तो ‘नाहाचा हात’, शुरी गांवांतला तो ‘शुरीचा हात’, एवढेंच लोक म्हणत. वेळ निभावून नेण्यासाठीं शिंझातोनें ‘अर्धें कठीण घराणें’ अशा अर्थाचें एक नांव तेथल्या तेथें सांगून टाकलें, असें सांगण्यांत येतें.

बेटावर परतल्यावर त्यानें हा प्रकार आपले गुरु चोजुन मियागी यांच्या कानावर घातला. मियागी रागावले नाहींत. उलट हा प्रश्न त्यांनीं मनावर घेतला. त्यांच्याजवळ चीनमधून आलेल्या एका जुन्या हस्तलिखिताची प्रत होती. ‘बुबिशी’ हें त्याचें नांव. त्यांत मर्मस्थानें, औषधी, दोन मल्लांच्या पवित्र्यांचीं चित्रें असें नाना प्रकारचें साहित्य असून, मुष्टियुद्धाचीं आठ तत्त्वेंही दिलेलीं आहेत. त्यांपैकीं एका तत्त्वांत श्वास आंत घेणें व बाहेर टाकणें यांच्याशीं कठीणपणा आणि मऊपणा यांचा संबंध जोडला आहे. मियागींनीं त्यांतलीं दोन अक्षरें उचललीं. ‘गो’ म्हणजे कठीण, ‘जू’ म्हणजे मऊ. जूडो या कुस्तीच्या नांवांतला ‘जू’ तो हाच. ‘ऱ्यू’ म्हणजे घराणें, पण त्या अक्षराचा मूळ अर्थ ‘प्रवाह’ असा आहे. १९३३ सालीं क्योतो येथील युद्धविद्यांच्या अखिल जपानी मंडळाकडे ‘गोजूऱ्यू’ हें नांव नोंदविण्यांत आलें.

म्हणजे नांव १९३३ चें. पण नांवापूर्वींही विद्या होतीच. ती कोठून आली, कोणी आणली, आणि जी वंशावळ आज जगभरच्या आखाड्यांत भिंतीवर टांगलेली असते ती कितपत खरी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

ओकिनावा हें ऱ्यूक्यू द्वीपमालिकेंतील सर्वांत मोठें बेट. आज तो जपानचा एक जिल्हा आहे. परंतु १८७९ पर्यंत तेथें निराळें राज्य होतें, निराळी भाषा होती, शुरी येथें राजवाडा होता. १४२९ मध्यें हें राज्य एका छत्राखालीं आलें. चीनच्या बादशहाला खंडणी पाठवावयाची, त्याच्याकडून राजपदाची मान्यता आणावयाची, आणि त्या निमित्तानें गलबतें भरभरून व्यापार करावयाचा, अशी त्याची रीत होती. १६०९ मध्यें जपानमधील सात्सुमा संस्थानानें स्वारी करून या राज्याला आपल्या कह्यांत आणलें, तरी चीनशीं असलेलें नातें तोडूं दिलें नाहीं. कारण त्या व्यापाराचा नफा सात्सुमालाच हवा होता. असें हें दोन धन्यांचें राज्य जवळजवळ पावणेतीनशें वर्षें चाललें.

या व्यापाराचें ओकिनावांतील टोंक म्हणजे नाहा बंदर, आणि चीनमधील टोंक म्हणजे फूकिएन प्रांतांतील फूचौ शहर. मधलें अंतर समुद्रावरून सुमारें ५०० मैल. फूचौला ऱ्यूक्यूच्या लोकांसाठीं एक स्वतंत्र वखार होती. वकील, दुभाषे, खलाशी, विद्यार्थी तेथें महिनेच्या महिने राहात. उलट १३९२ च्या सुमारास चिनी कुटुंबें नाहाजवळच्या कुमे वस्तींत येऊन राहिलीं होतीं; त्यांना ‘छत्तीस कुटुंबें’ म्हणत, मग तीं मोजून छत्तीस असोत वा नसोत. दोन्ही किनाऱ्यांवर अशी ये-जा असतांना कापड, औषधें आणि चिनी मातीचीं भांडीं यांच्याबरोबर मुठीची विद्याही गलबतांत चढली असल्यास नवल नाहीं.

येथें एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणें भाग आहे. राजानें रयतेचीं शस्त्रें काढून घेतलीं, म्हणून गरीब शेतकऱ्यांनीं चोरून हातापायांची विद्या निर्माण केली, ही कथा मोठी रम्य आहे आणि पुष्कळ पुस्तकांत ती छापलेली असते. तिचा आधार म्हणजे राजवाड्यांतील कठड्यावर १५०९ सालीं कोरलेला एक लेख. परंतु त्या लेखांत तलवारी व धनुष्यें राज्याच्या संरक्षणासाठीं जमवून ठेवलीं असें म्हटलें आहे, असा त्याचा अर्थ नंतरच्या अभ्यासकांनीं लावला आहे. लोकांना निःशस्त्र केलें असा नव्हे. शिवाय जुन्या कराटे-गुरूंचीं नांवें पाहिलीं तर तीं बहुतेक दरबारी मानकऱ्यांच्या, कारकुनांच्या आणि दुभाष्यांच्या घरचीं निघतात. ज्याला दिवसभर नांगर धरावयाचा त्याला रात्रीं तीन-तीन तास पवित्रे घोटण्यास सवड कोठून मिळणार?

गोजूऱ्यूच्या वंशावळींत पहिलें ओकिनावी नांव येतें तें कानऱ्यो हिगाओन्ना यांचें. यांचा जन्म नाहा येथें १८५३ सालीं झाला. कुळ मानाचें पण परिस्थिति बेताची. वडील जवळच्या केरामा बेटांतून लहान गलबतानें जळाऊ लाकूड आणून विकीत, आणि मुलगाही त्याच कामास लागला. तरुणपणीं ते आराकाकी सेइशो नांवाच्या दरबारी दुभाष्याकडे शिकले आणि पुढें गलबतानें फूचौला गेले. केव्हां गेले याविषयीं मात्र एकमत नाहीं. कोणी १८६८ म्हणतात, कोणी १८७३, तर कोणी १८७७. तेथें ऱ्यू रू को नांवाच्या गुरूच्या घरीं राहून, त्याच्या बांबूकामांत हात घालून, कित्येक वर्षें त्यांनीं विद्या मिळविली. परंपरा असें सांगते कीं, प्रथम पुष्कळ दिवस गुरूनें त्यांना झाडलोटीपलीकडे कांहींच करूं दिलें नाहीं. पुढें एका पुरांत त्यांनीं गुरूच्या मुलीला वांचविलें, आणि मग दार उघडलें. अशा कथा सर्वच देशांतील गुरुकुलांच्या असतात. त्यांचा इतिहास म्हणून उपयोग थोडा, पण शिष्य कसा असावा याविषयींची त्या लोकांची कल्पना त्यांतून कळते.

आतां खरी अडचण पुढें येते. हा ऱ्यू रू को कोण? हें त्याचें पूर्ण नांवही नव्हे, लाडानें वा आदरानें घेतलेलें नांव आहे, आणि ओकिनावी उच्चारानें तें इतकें बदललें आहे कीं मूळ चिनी अक्षरें कोणतीं हें नुसत्या ऐकण्यावरून ठरत नाहीं. ओकिनावांतील कांहीं संशोधकांनीं असें प्रतिपादिलें कीं, फूचौचा शिए चोंगशिआंग नांवाचा श्वेत-क्रौंच पंथाचा प्रसिद्ध उस्ताद तो हाच. परंतु शिए याचा जन्म १८५२ चा. म्हणजे गुरु शिष्याहून अवघ्या एका वर्षानें वडील ठरतो! याहून मोठी हरकत दुसरीच आहे. ओकिनावांत ‘ऱ्यूएइऱ्यू’ नांवाचें नाकाइमा कुटुंबांत पिढीजात चालत आलेलें एक घराणें आहे, आणि त्यांचे मूळ पुरुष नोरिसातो नाकाइमा हेही फूचौला ऱ्यू रू को याच्याचपाशीं शिकले, असें तें कुटुंब सांगतें. पण त्यांच्या हिशेबानें हा प्रवास १८३८ च्या सुमारास झाला. दोन्ही घराण्यांचें म्हणणें खरें मानावयाचें तर हा गुरु हिगाओन्ना यांच्या वेळीं चांगलाच म्हातारा असला पाहिजे, आणि १८५२ त जन्मलेला शिए तर तो असूंच शकत नाहीं. एकाच नांवाचे दोन गुरु होते, कीं तारखांत चूक आहे, कीं एका प्रसिद्ध नांवाचा मागाहून दोघांनींही आश्रय केला, या तीनही शक्यता उघड्या आहेत.

वंशावळीच्या भक्तांना याहूनही अवघड वाटणारा एक कागद आहे. १८६६ त चीनच्या बादशहाचा वकील ऱ्यूक्यूच्या राजाला मान्यतेचीं वस्त्रें घेऊन आला. तो सोहळा पार पडल्यावर मार्च १८६७ मध्यें शुरी येथील राजाच्या उद्यानगृहांत कुमे वस्तीच्या लोकांनीं आनंदोत्सव केला, आणि त्यांत युद्धविद्येचे खेळ झाले. त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका शिल्लक आहे. तींत आराकाकी यांनीं ‘तेरा पावलें’ नांवाचा डाव करून दाखविल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका मानकऱ्यानें ‘एकशें आठ पावलें’ हा डाव दाखविला. आज गोजूऱ्यूमध्यें शिकविले जाणारे ‘सेसान’ व ‘सुपारिंपेइ’ या डावांचीं नांवें याच आंकड्यांचीं आहेत. याचा अर्थ असा कीं, हिगाओन्ना चौदा वर्षांचे होते आणि त्यांनीं अजून समुद्र ओलांडलेला नव्हता, तेव्हांच या नांवांचे डाव ओकिनावांत राजाच्या बागेंत चालू होते. मग सर्व विद्या एकट्या हिगाओन्ना यांनीं फूचौहून आणली हें म्हणणें टिकत नाहीं.

आणि गंमत अशी कीं, खुद्द मियागींनीं तसें म्हटलेलेंच नाहीं! १९३४ सालीं त्यांनीं कराटेच्या स्वरूपावर एक लहानसा निबंध लिहिला. कराटे ओकिनावांत कसें आलें याविषयीं तीन मतें त्यांनीं दिलीं. एक, छत्तीस कुटुंबांनीं आणलें. दुसरें, १७६२ सालच्या ‘ओशिमा हिक्की’ या टिपणांत कुशांकू नांवाच्या चिनी मल्लाचा उल्लेख आहे, त्याच्यापासून सुरुवात झाली. तिसरें, १६०९ च्या स्वारीच्या सुमारास तें आलें. या मतांना बळकट पुरावा नाहीं हें त्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें, आणि आपल्या परंपरेविषयीं एवढेंच निश्चित म्हणून सांगितलें कीं, १८२८ सालीं फूकिएनमधील एक पंथ या बेटांत आला. १८२८! म्हणजे आपल्या गुरूच्या जन्मापूर्वीं पंचवीस वर्षें. संस्थापकानें स्वतःच लिहून ठेवलेली ही तारीख अनुयायांच्या भिंतीवरील तक्त्यांत मात्र फारशी आढळत नाहीं.

मग हिगाओन्ना यांनीं नेमकें काय दिलें? याचें उत्तर काढण्याची एक रीत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या समोरासमोर ठेवून मूळ पाठाचा शोध घेण्यांत आला, त्याचप्रमाणें एका गुरूच्या दोन शिष्यांच्या परंपरा ताडून पाहावयाच्या. मियागींचे गुरुबंधु जुहात्सु क्योदा हे व्यवसायानें शिक्षक होते. त्यांनीं पुढें ‘तोओनऱ्यू’ ही आपली शाखा काढली व गुरूकडून आलेलें जसेंच्या तसें ठेवण्याचा कटाक्ष बाळगला. त्यांच्या परंपरेंत गुरूकडून आलेले डाव चारच आढळतात : सांचिन, सेसान, सानसेरू आणि पेचूरिन. पेचूरिन म्हणजे सुपारिंपेइच. गोजूऱ्यूमध्यें याशिवाय साइफा, सेइयुंचिन, शिसोचिन, सेइपाइ, कुरुरुंफा असे आणखी पांच जुने डाव आहेत. तेव्हां हे पांच मियागींनीं दुसरीकडून मिळविले, असा तर्क कांहीं अभ्यासक करितात. गुरु सर्व शिष्यांना सारखेंच देतो असें नाहीं, हा त्यावरील आक्षेपही वजनदार आहे. तथापि दोन्ही शाखांना समान असलेले चार डाव हें या घराण्याचें मूळ भांडवल, इतकें म्हणण्यास हरकत नसावी.

या चारांतही सांचिन हा खरा पाया. सांचिन म्हणजे ‘तीन लढाया’. पाहणाराला त्यांत पाहण्यासारखें कांहींच नाहीं. उडी नाहीं, झेप नाहीं. दोन्ही पाय खांद्याइतक्या अंतरावर, बोटें किंचित् आंत वळलेलीं, गुडघे थोडे वांकलेले, कणा सरळ. एक पाऊल वर्तुळाकार पुढें सरकवावयाचें, श्वास नाकानें पोटापर्यंत घ्यावयाचा, मूठ सावकाश पुढें न्यावयाची आणि श्वास तोंडावाटे दाबून सोडावयाचा. पुन्हां पाऊल, पुन्हां श्वास. सगळें अंग पोलादासारखें आवळलेलें. आणि तें तसें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गुरु मागें येऊन खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर तळहातानें ताडताड मारून पाहतो. हिगाओन्ना शिष्यांना दोन-तीन वर्षें याखेरीज दुसरें कांहींच शिकवीत नसत, असें सांगतात. कित्येक जण कंटाळून निघून जात. उरतील तेच शिष्य. हिगाओन्ना यांच्या सांचिनमध्यें तळवे उघडे असत, जसे आजही फूकिएनच्या क्रौंच पंथांत असतात. मियागींनीं मुठी मिटविल्या आणि वळणें कमी केलीं. हा फरक बारीक दिसतो, पण वंशावळीच्या दृष्टीनें मोलाचा आहे. उघडा तळवा हीच जणूं चिनी आजोळाची खूण.

डावांच्या नांवांतही तें आजोळ बोलतें. सेसान, सेइपाइ, सानसेरू, सुपारिंपेइ हे शब्द जपानी नव्हेत. फूकिएनकडील बोलींतील तेरा, अठरा, छत्तीस आणि एकशें आठ हे आंकडे ओकिनावी जिभेवर घासून असे झाले आहेत. एकशें आठ म्हटल्यावर आपल्याकडील माणसाचें लक्ष सहजच जपमाळेकडे जातें. हा आंकडा बौद्ध धर्माबरोबर भारतांतून चीनमध्यें गेला, यांत शंका नाहीं. परंतु चीनमध्यें त्याला आणखीही संदर्भ मिळाले, छत्तीस स्वर्गीय आणि बहात्तर पार्थिव ताऱ्यांची बेरीज एकशें आठ होते हा त्यांतला एक. डावाचें नांव यांपैकीं कोणत्या वाटेनें आलें हें नांवावरून सांगतां येत नाहीं.

भारताशीं असलेल्या संबंधाचा विषय निघालाच आहे, तेव्हां बोधिधर्माचीही गोष्ट घेऊं. दक्षिण हिंदुस्थानांतील हा भिक्षु चीनमध्यें गेला, शाओलिन मठांतील अशक्त भिक्षूंना त्यानें व्यायाम शिकविला, आणि त्यांतून सर्व पूर्वेकडील मुष्टियुद्ध निर्माण झालें, असें आपल्याकडे मोठ्या अभिमानानें सांगतात. जपानी आखाड्यांतही हीच कथा भक्तिभावानें सांगितली जाते. बोधिधर्माचें नांव सहाव्या शतकांतील चिनी ग्रंथांत येतें हें खरें. पण तेथें व्यायामाचें नांवही नाहीं. ज्या ‘स्नायुपरिवर्तन’ ग्रंथावर ही कथा उभी आहे, तो सतराव्या शतकांतला असून, त्याला जोडलेल्या प्राचीन प्रस्तावना बनावट आहेत. तांग हाओ नांवाच्या चिनी पंडितानेंच १९३० सालीं ही कथा खोडून काढली. आपल्या देशाचा मोठेपणा सांगण्यास इतर पुष्कळ गोष्टी आहेत. बनावट प्रस्तावनेची त्यांत भर घालण्याची गरज नाहीं.

हिगाओन्ना ओकिनावास परतले त्यानंतर राज्य उरलें नव्हतें. १८७९ मध्यें राजाला टोकियोस नेण्यांत आलें व ऱ्यूक्यूचा ‘ओकिनावा जिल्हा’ झाला. दरबार गेला, मानकऱ्यांचे तनखे संपले, फूचौची वाट बंद झाली. ज्या विद्येला राजाश्रय होता ती आतां कोणाच्या दारीं जाणार? ती शाळेच्या दारीं गेली. शुरीकडील वृद्ध गुरु आंको इतोसु यांनीं १९०१ च्या सुमारास ती प्राथमिक शाळेंत नेली. हिगाओन्ना १९०५ पासून नाहा येथील व्यापारी शाळेंत शिकवूं लागले. परसांत चार निवडक शिष्यांना शिकविलेली विद्या आतां हजेरीपटावर आली. हा बदल फूचौच्या प्रवासापेक्षांही मोठा म्हटला पाहिजे; कारण यापुढें ती ‘लढाई’ राहिली नाहीं, ‘व्यायाम’ आणि ‘वळण’ झाली.

चोजुन मियागी यांचा जन्म नाहा येथेंच १८८८ सालीं झाला. घर सधन, औषधांच्या आयातीचा पिढीजात व्यापार. लहानपणींच ते चुलत्याच्या घरीं दत्तक गेले आणि त्या संपत्तीचे वारस झाले. चौदाव्या वर्षीं ते हिगाओन्नांकडे आले आणि मधलीं लष्करी नोकरीचीं वर्षें सोडलीं तर १९१५ मध्यें गुरु वारेपर्यंत त्यांच्यापाशीं राहिले. लाकूडविक्याचा मुलगा गुरु आणि श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा शिष्य, असा हा योग. आणि शिष्यानें आपली संपत्ति विद्येच्या पायीं हळूहळू खर्चून टाकली.

गुरूच्या गुरूचा माग काढण्यासाठीं मियागी फूचौसही जाऊन आले. नाहा येथें चहाचा व्यापार करणारे गोकेन्की नांवाचे श्वेत-क्रौंच पंथाचे चिनी जाणकार त्यांचे स्नेही होते. त्यांच्या सहवासाचाही परिणाम झाला. ‘तेन्शो’ नांवाचा डाव मियागींनीं रचला, त्यांत हातांच्या मृदु वर्तुळाकार हालचाली आहेत. सांचिन कठीण, तेन्शो मऊ. १९४० च्या सुमारास शाळकरी मुलांसाठीं त्यांनीं ‘गेकिसाइ’ हे दोन सोपे डाव बसविले. व्यायामाचीं साधनेंही त्यांनीं नीट लावून दिलीं : लाकडी दांड्याला बसविलेला दगड, जो मनगटानें फिरवावयाचा आणि जो पाहून आपल्या तालमींतील मुद्गलाची आठवण व्हावी; बोटांच्या चिमटींत तोंड धरून उचलावयाचीं जड मडकीं; मुठीनें ठोसे मारण्याचा गवताच्या दोरीनें गुंडाळलेला खांब. १९३४ मध्यें ते हवाई बेटांत गेले तेथून लोखंडी लांबट कडें फिरविण्याची कल्पना त्यांनीं आणली, तीही यांत सामावली.

याच काळांत खुद्द ‘कराटे’ हा शब्द बदलला, म्हणजे उच्चार तोच राहिला आणि अक्षर बदललें. पूर्वीं ‘कारा’ हें चीनच्या तांग वंशाच्या अक्षरानें लिहीत. अर्थ ‘चिनी हात’. २५ ऑक्टोबर १९३६ रोजीं नाहा येथें जाणत्या गुरूंची बैठक झाली, मियागी तींत होते, आणि त्यानंतर ‘रिकामा’ या अर्थाचें अक्षर रूढ झालें, ‘रिकामा हात’. अर्थ सुंदर आहे हें कबूल. पण दुसऱ्याच वर्षीं जपानचें चीनशीं उघड युद्ध जुंपलें हें लक्षांत घेतलें, म्हणजे आजोळाचें नांव पुसण्याची घाई कोणत्या वाऱ्यानें झाली हें समजतें.

मग तें युद्धच ओकिनावावर येऊन आदळलें. १० ऑक्टोबर १९४४ च्या हवाई हल्ल्यांत नाहा शहराचा बहुतेक भाग जळाला. पुढें एप्रिल ते जून १९४५ या तीन महिन्यांत बेटावर जी लढाई झाली तींत तेथील सुमारें चौथा हिस्सा लोक मेले असें मानतात. मियागींचीं कांहीं अपत्यें गेलीं. त्यांचें लिखाण आणि जमविलेलें साहित्य नष्ट झालें. आणि ज्याच्या अडखळण्यामुळें घराण्याला नांव मिळालें, ज्याच्याकडे पुढची गादी जाणार असें सर्व धरून चालले होते, तो जिनान शिंझातोही त्या युद्धांत बळी पडला.

मियागींनीं उरलेल्या आयुष्यांत पुन्हां शिकविण्यास सुरुवात केली. अंगणांत, आणि पोलिसांच्या शाळेंत. ८ ऑक्टोबर १९५३ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांनीं हयातींत कोणालाही पट्ट्याची श्रेणी दिलेली नव्हती, आणि वारस कोण हें लिहूनही ठेवलें नव्हतें. मग व्हावयाचें तेंच झालें. सेको हिगा हे सर्वांत ज्येष्ठ, कारण त्यांनीं थोडे दिवस खुद्द हिगाओन्नांपाशींही शिक्षण घेतलेलें. एइइची मियाझातो यांच्याकडे गुरूचीं साधनें आलीं. त्यांनीं ‘जुंदोकान’ हा आखाडा काढला. मेइतोकु यागी यांना मियागींच्या कुटुंबानें १९६३ मध्यें गुरूचा पोशाख व पट्टा दिला. सेइकिची तोगुची यांनीं ‘शोरेइकान’ स्थापिलें. जपानच्या मुख्य भूमीवर गोगेन यामागुची यांनीं ‘गोजूकाइ’ संस्थेचा मोठा विस्तार केला. मियागींच्या शेवटल्या वर्षांत त्यांची सेवा करणारे आनइची मियागी, जे नात्यानें त्यांचे कोणी नव्हेत, त्यांचे शिष्य मोरिओ हिगाओन्ना यांनीं १९७९ मध्यें निराळी आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. प्रत्येकापाशीं कांहीं ना कांहीं आहे : एकाजवळ वय, एकाजवळ वस्तु, एकाजवळ वस्त्र, एकाजवळ शेवटच्या दिवसांतील सान्निध्य. आणि प्रत्येकाच्या आखाड्यांतील सांचिन थोडें निराळें आहे. आपल्या गायकांच्या घराण्यांत मूळ बंदिश कोणाची खरी यावर जसे वाद होतात तसेच वाद तेथेंही होतात, आणि शिष्य गुरूंपेक्षां अधिक तावातावानें ते करितात, हेंही अगदीं ओळखीचें आहे.

नाहा येथील मात्सुयामा उद्यानांत १९८७ सालीं हिगाओन्ना आणि मियागी या गुरुशिष्यांचें एकत्र स्मारक उभारण्यांत आलें. त्यांच्या गुरूचें मूळ नांव कोणत्या अक्षरांनीं लिहावें याचा वाद मात्र चालूच आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्यें टोकियोच्या ऑलिंपिक क्रीडांत कराटेचा प्रथमच समावेश झाला, आणि पुरुषांच्या एकट्यानें करावयाच्या डावांचें सुवर्णपदक ऱ्यो किउना या ओकिनावी तरुणानें मिळविलें. त्या बेटाच्या वांट्याला आलेलें हें पहिलें ऑलिंपिक सुवर्ण. तो गोजूऱ्यूचा नव्हे. तो नाकाइमा कुटुंबाच्या ऱ्यूएइऱ्यू घराण्याचा; आणि त्या घराण्याच्या वंशावळींतही सर्वांत वर नांव आहे तें फूचौच्या ऱ्यू रू कोचेंच.